चूक ड्रायव्हरमध्ये

आप्पा,

आज दुपारी माझ्या नातीनं तुमच्यावर आळ घेतला असं मला वाटलं. लातूरच्या या घरात आम्ही दोघीच असतो. ती कंप्यूटरवर तिच्या कंपनीचं काम करते, मी समोर शेंगा फोडत बसते. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही, दिव्यात काहीच खराबी नाही. चूक ड्रायव्हरमध्ये आहे. ड्रायव्हर भलताच दिवा लावतोय." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही चालवायचात त्या टँकरचं नाव आता कुणी काढत नाही, अन् ही कालची पोर फोनवर जगाला सांगते की चूक ड्रायव्हरची! मी म्हणाले, "तोंड सांभाळ गं. तू व्हतीस का तिथं?"

"कुठं, आजी?"

"टँकरवर."

"टँकर आला?" म्हणून ती बादल्या घ्यायला उठली. यंदा लातुरात पाण्याचं असं झालंय की टँकर म्हटलं की माणूस आधी बादली शोधतं, मग चप्पल.

तिला धरून खाली बसवलं तेव्हा कळलं, तिच्या धंद्यात ड्रायव्हर म्हणजे माणूस नाहीच. मशीनच्या आत लिहून ठेवलेला हुकूम असतो, त्याला म्हणे हे लोक ड्रायव्हर म्हणतात. का म्हणतात ते तिलाही सांगता आलं नाही. तिनं एक काळी डबी माझ्या मांडीवर ठेवली. मागं चार भोकं, त्यांना ती पोर्ट म्हणते. पुढं तांदळाएवढे चार हिरवे दिवे. ज्या भोकात वायर घालावी त्याचा दिवा लागला पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याला कळतं कुठं काय जोडलंय. मी पहिल्या भोकात वायर घातली तर चौथा दिवा लागला. दुसऱ्यात घातली तर तिसरा.

"डबी येडी हाय तुझी," मी म्हणाले.

"डबी नाही गं, ड्रायव्हर. त्याला वाटतं पहिला दिवा पहिल्या पोर्टचा. बनवणाऱ्यांनी दिवे उलटे जोडलेत अन् ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही. तो आतून पहिला लावायलाय, बाहेर चौथा लागायलाय."

"मग त्याला बाहेरचं दिसत न्हाई का?"

"नाही ना. दिवा लाव म्हणायचं, एवढंच त्याच्या हातात."

आप्पा, यानंतर ती काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. कान शाबूत आहेत माझे. पण मी माहेरी, अहमदपूरला पोचले होते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. पाऊस नाही. सासरची विहीर आटली म्हणून मी दोन्ही लेकरं घेऊन तुमच्याकडं आलेली. तुम्ही मालकाचा पाण्याचा टँकर चालवता. टँकरच्या पाठीवर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेलं, अन् मालकाला तर नव्या जिल्ह्याचं काम पाहिजे. म्हणून त्यानं टँकर नांदेडला रंगवायला धाडला. मागचे दिवे काढले, रंग मारला, जिल्हा लातूर असं ठळक लिहिलं, दिवे परत बसवले. तुम्ही तो दारावरून नेलात तेव्हा आई म्हणाली, "नवरदेव दिसायलाय की!" "कोण, मी का टँकर?" असं तुम्ही विचारलंत, अन् ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

मग त्याच आठवड्यात तुम्ही चिखलानं भरून घरी आलात. त्या दिवसांत अंगाला चिखल! आईला वाटलं, कुठंतरी पाऊस पडला. ती खुशीत उठली अन् तुमचं तोंड बघून खाली बसली. गावाकडं वळायच्या रस्त्याला तुम्ही उजवीकडं वळलात, मागून एक जीप उजव्या बाजूनंच पुढं काढायला गेली. तिला चुकवायला तुम्ही टँकर खड्ड्यात घातला. मेलं कुणी नाही. पाणी सगळं गेलं. जीपवाला म्हणाला, यानं डाव्या अंगाचा दिवा दिला. तुम्ही म्हणालात, "उजवा दिला मी. उजवाच दिला." मागचे दोन्ही दिवे फुटून चुरा झालेले, तेव्हा बघणार काय अन् कोण? ज्यांनी बघायचं त्या बाया खड्ड्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरून घेत होत्या. त्यांचंही बरोबरच होतं.

मालक दारात येऊन म्हणाला, टँकर दुरुस्त होईल, ड्रायव्हर बदलावा लागेल. आत सुद्धा आला नाही. तुम्ही परत कधी स्टेरिंगला हात लावला नाहीत. आडतीवर पोती उचललीत. सायकलवर वळताना अख्खा हात बाहेर काढायचात अन् मान वळवून आपल्याच हाताकडं बघायचात. लोक हसायचे. मी पण एकदा म्हणाले होते, "आप्पा, हात पळून जात न्हाई तुमचा."

मी नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मग सरळ आहे. रंगवताना वायरी उलट्या लागल्या असतील. पणजोबा आतून उजवा देत होते, मागं डावा लागत होता."

ऐकून मला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात गाठ बसली. मी विचारलं, "बनवणाऱ्यानं उलटं जोडलं, मग तू मघाशी चूक ड्रायव्हरची का म्हणालीस?"

"कारण डब्या लोकांच्या घरी जाऊन पडल्यात. आता एकेक उघडून वायरी कोण बदलणार? ड्रायव्हर बदलता येतो. त्यात मी लिहिते की हा दिवा या पोर्टचा, झालं."

"म्हंजी चूक त्याची न्हाई. बदलायला तो सोपा हाय म्हणून त्याची."

तिनं डबी माझ्या मांडीवरून उचलून घेतली. मग म्हणाली, "तसंच म्हण. पण आजी, कधीकधी चूक खरंच ड्रायव्हरचीच असते."

इथं माझी गाडी अडली आहे, आप्पा. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं यातलं किती समजून घ्यावं? पहाटेपासून खेपा करून तुमच्या डोळ्यांवर झोप असायची, हे आईच म्हणायची. नांदेडच्या वायरमननं दिवे उलटे बसवले असतील, किंवा नसतील. तुम्ही डावा दिला असेल, किंवा नसेल. दोन्ही चुका एकदम झाल्या असतील तर मागं कुठला दिवा लागला असता, हे मी शेंगा मांडून बघितलं, अन् मग त्या शेंगाच खाऊन टाकल्या. तुम्हाला विचारता आलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. हा कागद कुठल्या पेटीत टाकला तरी तुमच्यापर्यंत येणार नाही, म्हणून पाकीट आणलेलं नाही.

संध्याकाळी पोर काम आवरून उठली अन् जाता जाता म्हणाली, "आजी, पण पणजोबांनी खरंच उजवाच दिला होता ना?"

"हाव," मी म्हणाले. लगेच म्हणाले. तुमच्या शेजारच्या सीटवर मी नव्हते, आप्पा, कुणीच नव्हतं. पण तिनं परत विचारलं असतं तरी मी हावच म्हणाले असते.