राष्ट्राध्यक्षांचा कोट

किलकेनी, आयर्लंड
१२ सप्टेंबर २०२१

तीर्थस्वरूप दादा,

नंदाचा तुला आणि वीणावहिनींना नमस्कार. आईला माझा वाकून नमस्कार सांग. येथे आम्ही दोघे बरे आहोत. आलोकच्या रात्रपाळ्या कमी झाल्या आहेत. हवा अजून मवाळ आहे. मागच्या अंगणातील सफरचंदाला फळे धरली, पण ती आंबट निघाली. आलोकने त्यांचे लोणचे घातले आणि रुग्णालयातील सहकाऱ्यांना वाटले. ते म्हणे पावाला लावून खातात.

तुझे पत्र पोहोचून बरेच दिवस झाले. शाळेच्या ग्रंथालयाशेजारच्या खोलीत बाबांचे स्मृतिदालन होणार, आईने त्यांची खुर्ची, चष्मा, छत्री आणि पुस्तके देण्यास होकार दिला, आणि भिंतीवरील फलकाचा मजकूर मी लिहावा अशी सर्वांची इच्छा आहे, हे वाचले. बाबांचे पेन रुग्णालयातून परत आले नाही, म्हणून तसलेच एक बाजारातून आणून ठेवणार आहेस, हेही वाचले. "कोणाला कळणार आहे?" असे तू लिहिले आहेस.

उत्तरास उशीर झाला, कारण मी दुसराच एक मजकूर लिहीत होते. आधी त्याविषयी सांगते.

येथून अर्ध्या तासावर एक खेडे आहे. या देशाचे एक राष्ट्राध्यक्ष तेथे वाढले. ते ज्या दोन वर्गांच्या शाळेत शिकले, तिचेच पुढे ग्रंथालय आणि संग्रहालय झाले. एका वर्गात त्यांची भाषणे आणि पुस्तके आहेत. दुसऱ्यात त्यांचा बाक, पाळणा, आणि काचेच्या कपाटात एक गडद राखाडी कोट. संस्थेला पन्नास वर्षे होत आहेत, त्यानिमित्ताने तिचा छोटासा इतिहास छापायचा आहे. तेथील किल्ल्या नुआलाबाईंकडे असतात. त्या सत्तरीच्या आहेत. मी पुस्तके परत करताना एक शब्दही बोलत नाही, हे त्यांनी तीनचारदा पाहिले आणि म्हणाल्या, "बोलत नाहीस, म्हणजे लिहीत असशील." अशा रीतीने माझी नेमणूक झाली.

इतिहास साधाच आहे. नुआलाबाईंचे वडील त्या शाळेचे शेवटचे मास्तर. शाळा बंद पडली, तेव्हा इमारत पाडू नये म्हणून त्यांनी ही कल्पना काढली आणि घरोघर फिरून वस्तू मागितल्या. राष्ट्राध्यक्ष हयात होते, उद्घाटनाला येण्याचे त्यांनी मान्यही केले होते. आपल्या संग्रहालयाचे उद्घाटन आपणच करायचे, हे त्यांना फार विनोदी वाटले म्हणे. सगळे जमले, एक कोट तेवढा मिळेना. तरुणपणी गाव सोडून राजधानीला निघाले त्या दिवशी ते ज्या कोटात उभे होते, त्या कोटातले त्यांचे छायाचित्र गावात घराघरांत होते. कोट नसेल तर लोक विचारणार. मास्तर राष्ट्राध्यक्षांच्या भावजयीकडे गेले. ती हसत सुटली. म्हणाली, तो कोट घालून माझ्या नवऱ्याने इतकी वर्षे गाईंचे दूध काढले, मग तो कुत्रीच्या पिलांखाली अंथरला, आता शोधायचाच असेल तर उकिरड्यावर शोधा.

मास्तरांची बायको ब्रीज, म्हणजे नुआलाबाईंची आई, कपडे शिवत असे. तिने छायाचित्र समोर ठेवून कोट शिवला. नवे कापड चहाच्या पाण्यात बुडवले, कोपरे विटेने घासले, एक बटण मुद्दाम वेगळे लावले, कारण छायाचित्रात ते तसे दिसत होते.

राष्ट्राध्यक्ष आले. खूप थकलेले होते, दृष्टी मंदावली होती. कपाट उघडायला लावून ते कोटापाशी गेले, खिशात हात घातला. मग म्हणाले, "माझा कोट. कुठे होता इतकी वर्षे?"

मास्तरांनी कपाट लावून घेतले. कपाटातील चिठ्ठीवर तेव्हापासून "राष्ट्राध्यक्षांचा कोट" असेच होते.

हे सर्व नुआलाबाईंनी मला चहा ओतता ओतता सांगितले आणि मग पुस्तिकेत काय लिहिणार ते विचारले. मी म्हणाले, प्रतिकृती असे लिहावे लागेल. त्यांना ते आवडले नाही. "म्हातारा खूश होऊन गेला. त्यात कोणाचे काय बिघडले?" मी वही मिटून घरी आले.

दादा, तू तीन वेळा विचारलेस, कशाचा राग आला आहे? मी रागावलेली नाही. रागवावे असे तुमच्याकडून काही घडलेही नाही. तेव्हा मलाही करोनाचा ताप होता, प्राणवायूची पातळी खाली येत होती, वरच्या खोलीत मी एकटी होते आणि आलोक दाराबाहेर ताट ठेवून जात होता. बाबा तिकडे रुग्णालयात प्राणवायूचा मुखवटा लावून निजलेले, बोलता येत नव्हते, म्हणून ते मला फोनवर लिहून पाठवत होते. ते गेल्याचे मला इतक्यात सांगू नये, असे तू आणि आलोकने ठरवलेत. कोणीही तेच ठरवले असते. मी बाबांना लिहीत राहिले, आणि बाबांच्या फोनवरून मला उत्तरे येत राहिली.

ताप उतरल्यावर आलोक खुर्ची घेऊन दाराशी बसला आणि त्याने सांगितले. मी "बरं" म्हणाले. मग बहुधा चादरी धुतल्या. तेव्हापासून रोजची कामे वेळेवर होतात, भूक लागते, झोपही येते. आई फोनवर रडते तेव्हा ती थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवते. बाकी काही होत नाही. फोनवरचे निरोप उघडले की बाबांचे नाव दिसते, म्हणून तुला मी त्यावर लिहीत नाही. म्हणून हे कागदावर.

मृत्यूच्या दाखल्यावरील तारखेनंतरची उत्तरे तुझी, हे उघड आहे. पण फोन तुझ्या हाती त्याआधीच आला होता. त्यांना अतिदक्षता विभागात नेताना चष्मा आणि फोन पिशवीत घालून तुला दिला, असे आई बोलता बोलता म्हणाली. तो दिवस कोणता, हे मी तिला विचारले नाही. "वाचन आवरते घे, डोळ्यांना ताण येईल," हे तू लिहिलेस. बाबांनी मला जन्मात कधी वाचू नकोस म्हटले नाही. डोळ्यांची धास्ती लहानपणापासून तुला. "खिडकी थोडी उघडी ठेव," हे त्यांचे असावे. पण मधे एक आहे. "तुझ्या खोलीत सकाळचे ऊन येते का?" मी त्याला लांबलचक उत्तर दिले होते. ऊन शेजारच्या छपरावरून कसे येते, आधी पुस्तकांवर आणि मग माझ्या पायांवर कसे पडते, सगळे लिहिले. त्यावर "छान" एवढेच आले.

ते ऊन कोणी वाचले, हे मला ठाऊक नाही.

मागच्या शुक्रवारी मी पुन्हा संग्रहालयात गेले. पाऊस होता, कोणी पाहुणे नव्हते. नुआलाबाईंनी कपाट उघडून कोट टेबलावर पसरला होता आणि त्या आतल्या बाजूची शिवण चष्म्यातून पाहत होत्या. मला म्हणाल्या, "लिही तू. हा माझ्या आईने शिवला आहे. पन्नास वर्षे त्यावर दुसऱ्याचे नाव आहे." आता चिठ्ठी बदलली आहे. मूळ कोट घरच्या माणसांनी वापरून संपवला. हा ब्रीजने छायाचित्र पाहून शिवला, असे तीवर लिहिले आहे. मी ती नीट अक्षरात काढून दिली. कोट आहे तेथेच आहे.

परतताना बसमध्ये मी तुझा विचार केला. स्मशानातून आलास, आईला सावरलेस, माणसांना चहा दिलास, आणि मग कोठेतरी जिन्यात बसून बाबांचा चष्मा मांडीवर ठेवून मला "आज ताप किती?" असे विचारलेस. त्यांच्यासारखे लिहायचे, म्हणून खोडले असशील, पुन्हा लिहिले असशील. हे मला आजवर सुचले नव्हते.

फलकाचा मजकूर सोबत जोडला आहे. पेन अवश्य ठेव, पण चिठ्ठीवर लिही की हे त्यांच्या मुलाने आणले. आणि मला एवढेच कळव: उन्हाविषयी कोणी विचारले? बाबांनी विचारले असेल, तर ते त्यांचे शेवटचे म्हणून मी जपून ठेवीन. तू विचारले असशील, तरी मी ते पुसणार नाही. त्यापुढे तुझे नाव लिहीन.

उत्तर कागदावर, तुझ्या अक्षरात, तुझ्या नावाने पाठव.

वाट पाहणारी तुझी धाकटी बहीण,
नंदा

ता. क. खोलीत ऊन अजून येते.