काकडआरतीचा उरलेला दिवस

तात्यापारा, रायपूर

तीर्थस्वरूप नीलकंठदादा यांस,

धाकट्या मारोतीचा नमस्कार तुमच्या पायांपर्यंत पोहोचो. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सर्व ठीक आहे. निदान मंगळवारपर्यंत होते.

ऑफिसने नव्या रायपुरात आम्हा बाबू लोकांना पंधरा दिवस प्रोग्रामिंग शिकवले. (चाळीस जणांत जेवणानंतर मी एकटाच जागा असे.) मला त्यात तारखांचे गणित फार आवडले. तारखेत दिवस मिळवता येतात, एका तारखेतून दुसरी वजाही होते. पण तारखेत तारीख मिळवू गेलो तर मशीन साफ नाही म्हणते. बरोबरच आहे, कालमध्ये आज मिळवून कुणाला काय मिळणार? आजमधून जन्मदिवस वजा केला तर अठरा हजार एकवीस आले. देवाने एवढे दिवस दिले, पण आमच्या दत्तमंदिरात काकडा माझ्या हातून एकदाही पेटला नाही, असे उगाच मनात आले. (पाळी जुन्या सत्तावीस घरांचीच, मी गावाहून उशिरा आलेला.)

शामरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याने पाळीची वही माझ्याकडे आली आणि मी ती प्रोग्रामला दिली. प्रत्येक घराच्या मागच्या आरतीच्या पहाटे पाचमध्ये सत्तावीस दिवस मिळवायचे, त्यातून दोन दिवस वजा करून त्या घरी मोबाईलवर निरोप पाठवायचा. पहिल्याच पहाटे दोन घरांची माणसे एकदम नैवेद्य घेऊन आली. मी ते भक्ती वाढल्याचे लक्षण समजलो.

अकरा तारखेला मंदाकिनीकाकू काठी आपटत घरी आल्या. वय ब्याऐंशी. यंदा त्यांची पाळी चौदाला, नेमकी काकांच्या पुण्यतिथीला येते, हे त्यांनी वर्षभर आधी बोटांवर मोजून ठेवलेले. आणि माझा निरोप तेराचा.

“माणूस चौदाले गेला. तुह्या मशीनले काहून घाई?”

मशीन चुकत नाही, असे मी समजावले. (हे वाक्य आठवून अजून कान तापतात.) चौदा तारीख पुढच्या घरी, भैय्यालालभैयांकडे जाणार होती, आणि हाती आलेली पाळी ते कुणालाही सोडत नाहीत.

“मग सांग मशीनले, एक्केचाळीस वर्षं मोजून राहिली मी. तिचं वय काय?” असे म्हणून काकू चहा न घेता गेल्या.

आमच्या यामिनीने हेल्मेटही न काढता स्क्रीनकडे पाहिले. “पापा, आपका प्रोग्राम ग्रीनिच का टाइम पकड़ रहा है। हमारे सुबह के पाँच, उधर पिछली रात के साढ़े ग्यारह!” म्हणजे प्रत्येक घर एक दिवस आधी येत होते, सगळेच आधी, म्हणून कुणाला कळले नाही.

बाराच्या संध्याकाळी, भैय्यालालभैयांना निरोप जायच्या आत, मी साडेपाच तास मिळवले आणि काकूंना चौदाचा निरोप गेला. तेराचे खरे मानकरी काकूंच्या आधीच्या घरचे अच्युत. पण ते बाराच्या पहाटेच आरती करून मोकळे झालेले. त्यामुळे तेराला कुणीच उरले नाही. वही माझ्याकडे, चूक माझी, म्हणून मी गेलो. दादा, काकडा पेटल्यावर मला आरतीचे शब्दच आठवेनात. देवाने चालवून घेतले असावे.

चौदाला काकू आल्या. वात तीनदा विझली. मी पुढे झालो तर मनगटावर चापट बसली. “सरक तिकडे. अजून आहेत माह्ये हात.” चौथ्यांदा पेटली. मग किती तरी वेळ त्या हळू आवाजात काकांना घरच्या बातम्या सांगत होत्या.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मारोती

ता. क. तुमच्यापासून लपवत नाही. यामिनीने चूक अकरालाच दाखवली होती, काकू गल्लीच्या वळणावरही पोहोचल्या नव्हत्या. त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली असती तर रिकामा दिवस बाराला आला असता. बाराला बुधवार होता, तेराला गुरुवार. दत्ताचा वार. त्यापायी काकूंना एक जादा रात्र झोप लागली नसेल. याला काय प्रायश्चित्त ते कळवा.

ता. क. दुसरा. शामराव तुमचे कॉलेजचे सोबती, तुमचा शब्द मोडत नाहीत. अठ्ठाविसावे घर घेता येईल का, एवढे सहज विचारून पाहा. घाई मुळीच नाही. नवी यादी परवा संध्याकाळी सगळ्यांना जाते, आणि तिच्यात नावे अठ्ठावीस आहेत.