गालियाचा उजवा हात

जुबैदाताई,

तुझ्या लेकीला, गालियाला घेऊन तिच्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंकडे चाललोय, आनंदाची बातमी द्यायला! त्यांनी सांगितलं तसा आज तिच्या डाव्या हातावर मोजा चढवला आणि कुसकुसच्या ताटाशी बसवलं. आधी चिडली, रडली. मग उजवी मूठ उघडली आणि भोपळ्याची फोड थेट तोंडात!

आठ महिन्यांची असताना डाव्या हातानेच खायची, तर आपली आई चापटी मारायची आणि मी हसायचो. वाटलं, वाईट सवय. मेंदूतल्या इजेमुळे उजवा हात कडक झालाय, हे डोक्यातच आलं नाही. इजा जात नाही, पण हात शिकतोय बघ.

घरी आलीस की आईला शोधू नकोस. ती गल्लीतली दारं ठोठावत सांगतेय, "तान्हं बाळ एकच हात वापरत असेल तर मारू नका गं, डॉक्टरला दाखवा!"

बद्र