शाळेचा जीर्णोद्धार

गुरुजी, अवघड शब्द तुम्ही आम्हाला फोडून दाखवायचात. जीर्ण अधिक उद्धार, जीर्णोद्धार. म्हणजे मोडकळीला आलेलं सावरून पुन्हा उभं करणं. चौथीत मी तो शब्द ‘जिर्नोधार’ असा लिहिला, तेव्हा पाटी माझ्याकडे परत सरकवून तुम्ही म्हणालात, “अर्थ कळला असता तर अक्षरं चुकली नसती.” पुढे माझं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. रोज संध्याकाळी वेळेत मजकूर द्यायची सवय लागली आणि शब्द फोडून बघायची तुमची सवयही राहिली. आता या वयात तिचाच त्रास होतोय.

निवृत्तीनंतर मी चाकणच्या आसपासच्या गावांतल्या जुन्या शाळांवर पुस्तक लिहितो आहे. रावेतहून गाडी काढायची, कंपन्यांच्या कंटेनरमागे रखडत जायचं आणि गावात शिरून विचारायचं, जुनी शाळा कुठं आहे? बहुतेक गावांत एकच उत्तर मिळतं: “ही काय समोर. जीर्णोद्धार केलाय.” समोर दुमजली गुलाबी इमारत असते, फाटकावर देणगी देणाऱ्या कंपनीचा फलक असतो. मी म्हणतो, ही नवी झाली, जुनी कुठं आहे? “हीच की. जागा तीच हाय.” भिंती कशाच्या होत्या विचारलं तर एक जण दगड सांगतो, दुसरा विटा, आणि तिसरा माझ्या हातातल्या टेपकडे बघत हळूच विचारतो, “सायेब, जागेचं काय मॅटर हाय का?” जमिनीला भाव आल्यापासून इकडे टेप घेऊन फिरणारा माणूस म्हणजे मोजणीवाला, नाहीतर दलाल. फोटो मागावा तर घरोघरी लग्नांचे आहेत, बैलगाडा शर्यतींचे आहेत. शाळेचा फोटो कुणी कशाला काढेल?

म्हणून आपल्या शाळेवर माझी सगळी भिस्त होती. दगडी भिंती, सागवानी तुळया, वर कौलं, आणि मुख्य म्हणजे उभी, अशी माझ्या पाहण्यात ती एकच उरली होती. मागच्या महिन्यात आमच्या वर्गातल्या पैलवानाचा फोन आला. ज्याला सतराचा पाढा शेवटपर्यंत आला नाही, तोच. आता शाळा समितीचा अध्यक्ष आहे. “राव, आपल्या शाळेचा जीर्णोद्धार ठरलाय. तू पायजेस.” इतक्या गावांत फसूनही मला असा आनंद झाला की मी शब्द फोडलाच नाही. म्हणालो, रविवारी येतो, आधी मोजमाप घेऊ, मग काम सुरू करा. कौलं बसवणारा एक जुना कारागीरसुद्धा शोधून ठेवला.

रविवारी पोचलो तर सपाट मैदान. त्यावर मांडव, खुर्च्या, पूजेची तयारी.

“जेसीबी शुक्रवारीच मोकळा व्हता,” पैलवान म्हणाला. “शेजारच्या साईटवरचा. फुकाट मिळाला.”

“अरे, मोजायचं होतं ना आपल्याला.”

“मंग मोज की निवांत. आता मधी भिंतीबी न्हाईत.”

मांडवातल्या बाया हसल्या. मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. “कौलं पायजे व्हती व्हय तुला? बांधावर रचून ठिवल्यात. घिऊन जा, कोण न्हाई म्हनतंय.” असं म्हणून त्याने माझ्या हातात कुदळ दिली. शाळांवर पुस्तक लिहिणारा गावचा माणूस म्हणून भूमिपूजनाची पहिली कुदळ माझ्याकडून मारून घ्यायचं ठरलं होतं. सगळं गाव बघत होतं. मी मारली.

निघताना तो गाडीपर्यंत आला. “रागावू नगं. गुरुजी असते ना, तर पयला नारळ त्यांनीच फोडला असता.”

परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. तळवड्याच्या चौकात वाहनं तुंबली आणि भांडण थांबलं, कारण तुम्ही दिसलात. मृग तोंडावर आलाय. धोतर खोचून तुम्ही आढ्यावर बसला आहात, कौलं शाकारताय आणि खाली आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात त्या कौलांचा उद्धार करताय. फुटकी कौलं आम्ही गोळा करतोय. एवढं करूनही श्रावणात वर्ग गळतो आणि पहिलीची पोरं चौथीच्या मांडीवर येऊन बसतात. तपासणीला आलेल्या साहेबांना तुम्ही हात जोडून सांगताय, “मला बढती नको, बक्षीस नको. पोरांच्या डोक्यावर स्लॅब द्या.” दर तपासणीला तेच.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. पुस्तकातल्या आपल्या शाळेच्या प्रकरणात मी लिहिलंय, ‘गुरुजींनी ही कौलं पोटच्या पोरांसारखी जपली.’ ते खरं नाही. पैलवानाने नुसतं चाळलं तरी त्याच्या लक्षात येईल. पण वाक्य चांगलं जमलंय, गुरुजी. मजकूर उद्या छापायला द्यायचा आहे आणि मी ते अजून खोडलेलं नाही.