कॅप्टन जेवत नाही

३ जानेवारी, शुक्रवार
कॅप्टन वाळलाय. माझ्या हे आधीच लक्षात आलं होतं, पण बोलून दाखवलं मृणालीने. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, बाबा, त्याच्या पाठीवरून हात फिरवा, मणके लागतात का बघा. लागले. टोपात बसवून किचनच्या काट्यावर वजन केलं. दिवाळीत होतं त्यापेक्षा पाव किलो कमी. एवढ्याशा सशाचं पाव किलो म्हणजे माणसाचा अख्खा पाय.

ससे तीन. तिन्ही मृणालीचे. ठाण्याचा फ्लॅट सोडून लेक पीजीत राहायला गेली तेव्हा 'दोन महिन्यांसाठी' इथे रत्नागिरीत आणून ठेवले. त्याला दोन वर्षं झाली. कॅप्टन आठ वर्षांचा, म्हणजे सशांच्या हिशेबात माझ्याच वयाचा. ढब्बू आणि चिंगी तरुण. तिघं दिवसभर पडवीत एकमेकांवर रेलून पडलेले असतात.

मी बोटीवर चीफ कुक होतो. माझ्या बोटीवरून कोणी वाळून उतरलं नाही. (एक फिटर उतरला, पण त्याला कावीळ होती.)

संकल्प: फेब्रुवारी संपायच्या आत कॅप्टन पूर्ववत. जबाबदारी संपूर्ण माझी. सावित्रीला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. बायकोच्या त्या 'बरं'मध्ये बराच विश्वास जाणवला.

४ जानेवारी
कॅप्टनला घेऊन डॉ. हर्षदकडे. भूल देऊन तोंड तपासलं. दाढांना टोकं आली होती, ती घासली. मग डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं. सुकं गवत सदैव समोर हवं. पेलेट, म्हणजे सशांच्या खाद्याच्या त्या सुक्या गोळ्या, भिजवून द्या, आणि ते देताना बाकीच्या दोघांना थोडा वेळ बाजूला धरा, म्हणजे याच्या वाट्याचं खाणार नाहीत. पण राहायला मात्र तिघं एकत्रच. त्यांचं त्रिकूट तोडू नका, म्हातारा ससा सोबतीवर जगतो. आणि कधी खाणं थांबलं किंवा लेंड्या थांबल्या, तर त्याच दिवशी घेऊन या.

सगळं नीट ऐकून घेतलं. त्यातलं वेगळं ठेवण्याचं पटलं.

६ जानेवारी
कॅप्टनला माझ्या खोलीत हलवलं. खाली गोधडी, खिडकीतून वारा. असली केबिन बोटीवर मलाही नव्हती.
मेनू: ओट्सची मऊ खीर (बिनसाखरेची), किसलेलं गाजर, कुस्करलेलं केळं, वर कोथिंबीर.
सावित्री दारात येऊन म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी गवत सांगितलंय."
म्हटलं, डॉक्टरांनी कधी बावीस माणसांचा स्वयंपाक केलाय का?

७ जानेवारी
खीर जशीच्या तशी. कोथिंबिरीचं एक पान गेलंय, पण ते वाऱ्याने उडालं असण्याची शक्यता आहे. कॅप्टनने मागचा पाय दोनदा जमिनीवर आपटला. भूक जागी होत असावी.
सावित्री म्हणते, तो सारखा दाराकडे बघतोय. म्हटलं, तो विचार करतोय.

९ जानेवारी
खरा गुन्हेगार ढब्बू. आज पडवीत खुर्ची टाकून लक्ष ठेवलं. स्वतःचं खातो, चिंगीचं खातो, रिकाम्या भांड्यात तोंड घालून बसतो. कॅप्टनच्या मांडीवरचं मांस कुठे गेलं ते त्याच्या मानेखाली स्पष्ट दिसतं. आणि वर्षानुवर्षं हाच त्याला चिकटून झोपतो! कॅप्टनला बिचाऱ्याला वाटत असेल, मित्र आहे.
माणसं ओळखण्यात कॅप्टन कच्चा.

१२ जानेवारी, रविवार
वजन वाढलं!! थोडंच, पण काटा खोटं बोलत नाही.
बोटीवरच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. विषय, 'वयस्कर सशाचा आहार : माझे काही प्रयोग'. सदू आंबेरकरने अंगठा पाठवला. बाकीचे ऐकत असावेत, मेसेज मोठा आहे.
सावित्रीला वजन सांगितलं. ती म्हणाली, "हो ना, बरं झालं." चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं. माझ्यावर पूर्ण भरवसा दिसतो.

१५ जानेवारी
आजचा दिवस लिहून ठेवतो.
संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला निघालो, चष्मा विसरला म्हणून अर्ध्यातून परतलो. किचनमध्ये सावित्री जमिनीवर फतकल मारून बसलेली. एका हाताने ढब्बूला दाबून धरलेलं. चिंगी पदराखाली. आणि कॅप्टन, माझ्या खोलीत विश्रांती घेत असायला हवा तो कॅप्टन, तिच्या दुसऱ्या हातातले भिजवलेले पेलेट मचमच खातोय. मग तिने ढब्बूला सोडलं, तर कॅप्टनने आपण होऊन त्याच्यासमोर डोकं खाली घातलं, आणि तो चोर त्याचं कपाळ चाटू लागला.

विचारलं, हे कधीपासून?
"पहिल्या दिवसापासून," सावित्री म्हणाली. "तुम्ही दुपारी झोपलात, फिरायला गेलात, की आणते त्याला. जीव जातो ओ त्याचा त्या खोलीत."
मृणालीला माहीत आहे?
"तिनेच सांगितलं, तुम्हाला बोलू नको, वाईट वाटेल."
डॉक्टरांना?
"त्यांना रोज फोटो पाठवते."
आणि माझी खीर?
"ढब्बूला आवडत होती. डॉक्टर ओरडले, म्हणून मग तीपण बंद केली."

बायको, मुलगी, डॉक्टर. एवढं मोठं बंड, आणि मला वासही नाही. पण खरा घाव कॅप्टनचा. सकाळी माझ्यासमोर चार तास उपाशी बसला, तोंड फिरवून, आणि तिच्या हातातून असा जेवला!

सावित्रीशी अबोला धरला. रात्री जेवताना तिने विचारलं, आज गप्प का? म्हणजे तोपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार
सावित्री माहेरी, वेळणेश्वरला गेली. भाचीचं डोहाळजेवण. बुधवारी येणार होती, आता गुरुवार म्हणते. जाताना दारात तीनदा सांगून गेली: तिघं एकत्र, गवत, भिजवलेले पेलेट, ढब्बूला धरा.
"जमेल ना?" म्हणाली.
मी वादळात हेलकावणाऱ्या बोटीवर चपात्या लाटल्यात.
रिक्षा वळली, आणि कॅप्टनला खोलीत आणलं. दाराला कडी. आता मध्ये कोणी नाही. वजन वाढेल तेव्हा ते कोणाच्या हातचं, हा प्रश्न राहणार नाही.

२० जानेवारी
कॅप्टनने केळं खाल्लं! माझ्या हातून. सावित्री, मृणाली, डॉक्टर, तिघांच्याही नाकावर टिच्चून.
आणखी दिलं.

२१ जानेवारी
आज काही खाल्लं नाही. कालचं जड झालं असेल. बोटीवरही मोठ्या पार्टीनंतर लोक एक दिवस हलकंच घ्यायचे.
ढब्बू सकाळपासून बाहेरून दार ओरबाडतोय. त्याला स्पष्ट सांगितलं की इथे तुझ्यासाठी काही नाही. गेला नाही. दाराला अंग टेकून तिथेच पडून राहिला.
सावित्रीचा फोन. जेवला का विचारलं. हो म्हटलं. खोटं नव्हे, अंदाज होता.

२२ जानेवारी, बुधवार
सकाळी गोधडी झटकली. एकही लेंडी नाही. कॅप्टन कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला, दात करकर वाजवत. कानाला हात लावला, गार.

पायजम्यावरच रिक्षा पकडली. डॉ. हर्षदने तीन प्रश्न विचारले. कधीपासून खात नाही, काय दिलं होतं, कुठे ठेवला होता. तिसऱ्याला म्हटलं, हवेशीर जागेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं म्हणाले, "काका, आधी जा आणि बाकीचे दोघं घेऊन या."
म्हटलं, त्यांना काय झालंय?
"त्यांना काही नाही झालेलं. ते याला लागणारेत."

घरी पिंजरा सापडेना. आंब्याच्या पेटीत पेंढा होता, त्यातच दोघांना घातलं, वरून टॉवेल. रिक्षावाला म्हणाला, काय ओ, जानेवारीतच आंबा?

इंजेक्शन झालं होतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. कॅप्टन तरी तसाच. टेबलावर ढब्बूला सोडलं. मला वाटलं, आता हा तिथलं गवत खाणार. तो गवताकडे गेलाच नाही. सरळ कॅप्टनला जाऊन चिकटला, त्याच्या कानामागे चाटू लागला. चिंगी दुसऱ्या बाजूने. जरा वेळाने कॅप्टनचं दात वाजवणं थांबलं.
मी माझ्या बाजूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने पाठ आक्रसून घेतली.

डॉक्टरांनी पातळ खाद्य सिरिंजने कसं भरवायचं ते दाखवलं. पहिली सिरिंज मी दिली. सगळी माझ्या शर्टावर.
दुपारी तिघांना घरी आणलं. पडवीत. एकत्र.
सावित्रीला फोन केला. सगळं सांगितलं. बरंचसं सांगितलं. पलीकडे डोहाळजेवणाची गाणी चालली होती. ती ओरडेल म्हणून मी रिसीव्हर कानापासून लांब धरल्यासारखा मोबाइल लांब धरला. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंत का?"
नव्हतं खाल्लं.
"पेज तरी करून घ्या. येते मी सकाळच्या फेरीबोटीने."

२३ जानेवारी
सकाळी ढब्बू दूर्वांची एक काडी चघळत होता. कॅप्टनने मान पुढे केली आणि त्या काडीचं दुसरं टोक ओढलं. खाल्लं. ढब्बूने सोडून दिलं! ज्याने आजवर काही सोडलं नाही, त्याने!
थोड्या वेळाने लेंडी. एकच, पण उत्तम. सावित्री जयगडची फेरी धरून आली, तेव्हा फाटकातच तिला तळहातावर दाखवली. ती म्हणाली, "आधी ती खाली ठेवा, हात धुवा." मग बॅग तिथेच टाकून पडवीत गेली. तिला डोळे पुसताना मी पाहिलं.

मला आनंद झाला आहे. तरी नोंद असावी: दोन वर्षं मी घालतोय खायला, आणि जीव वाचवायची वेळ आली तेव्हा साहेब दुसऱ्याच्या तोंडातलं ओढून जेवले.

२ फेब्रुवारी, रविवार
वजन वाढतंय. घरात कामांची नवी वाटणी झाली आहे, मला न विचारता. कॅप्टनला सावित्री भरवणार. त्या वेळात ढब्बूला मी धरणार. किचनची जबाबदारी माझ्याकडे नाही.

पण आज एक घडलं. ते कोणाला सांगणार नाही, इथेच लिहितो. दुपारी मी पडवीत जमिनीवर बसलो होतो, भिंतीला टेकून. ढब्बू-चिंगी झोपलेले. कॅप्टन त्यांच्यातून उठला. हळूहळू, एकेक पाय टाकत, अख्खी पडवी ओलांडून माझ्याकडे आला. मी बोलावलं नव्हतं. हातात काही नव्हतं. येऊन त्याने माझ्या मांडीला नाक लावलं. एकदा ढकललं. पुन्हा ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. मला भरून आलं. मी त्याला सगळं माफ केलं, मोठ्याने केलं, नाव घेऊन. ढब्बूलाही केलं.
तो ढकलतच राहिला.
सावित्री दारात येऊन उभी होती, केव्हापासून कोण जाणे.
"अहो," ती म्हणाली, "त्याच्या गवतावर बसलायत तुम्ही."
उठलो.
तो खायला लागला.