रोजच्या वापराची लाल गाडी

२४ सप्टेंबर

"पमे, तू घरात असलीस तरी कळत नाय गो, इतकी गुणाची." धाकटी काकू हे बोलली तेव्हा मी नववीत होते. पाहुण्यांसमोर, कौतुकाने बोलली. सगळे हसले, मीही हसले. नंतर मोरीत जाऊन उगाच तांब्या आपटला. काय पडलं म्हणून कोणी विचारलं नाही.

आज शहापूरला आमच्या दारात जी गाडी आली, ती नाक्यावर असतानाच अख्ख्या आळीला कळली.

गाडी नितीनची. माझा धाकटा भाऊ. कल्याणला गाड्या मॉडिफाय करतो, म्हणजे चांगल्या चालणाऱ्या गाड्या खाली बसवतो, टायर रुंद करतो आणि सायलेन्सर बदलतो. ही लाल आहे, दोन दारं, दोन सीटा, मागे पंख. जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. नाशिकचं एक गिऱ्हाईक हिच्या मागे लागलंय, पण ही रोजच्या वापरात टिकते का ते नितीनला आधी बघायचंय. म्हणाला, "ताई, नोव्हेंबर संपेपर्यंत रोज ऑफिसला हीच ने. टिकली तर तुझी, तुझ्या जुन्या गाडीच्या बदल्यात. एक दिवस जरी चुकलीस तर मी उचलून नेणार."

जुनी गाडी तो घेऊनही गेला.

विनोद म्हणाला, "आपला रस्ता बघितलायस का तू?" नवऱ्यांना पहिली शंका रस्त्याचीच येते. मी ग्रामसेविका, या रस्त्याने वर्षानुवर्षं नोकरीला जातेय. रस्ता मला ओळखतो.

२५ सप्टेंबर

ऑफिसला वेळेवर. जवळजवळ.

शेणव्यापर्यंत अप्रतिम. पुढे डोळखांबकडे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मान देत गेले. मागे एसटी होती, तिच्या मागे बरीच वाहनं. ड्रायव्हर सतत हॉर्न देत होता. कौतुक असं दाबून ठेवता येत नाही.

या गाडीतून उतरायची पद्धत वेगळी आहे. आधी एक पाय, मग दोन्ही हात जमिनीवर, मग उरलेली मी. ग्रामपंचायतीच्या दारात उतरले तर आमच्या सरपंच बाईजाताई धावत आल्या. "मॅडम, पडल्या का हो?"

पडले नव्हते. उतरत होते.

३० सप्टेंबर

गाडीने गावाची सकाळ बदलून टाकली आहे. पूर्वी मी येऊन खुर्चीत बसले तरी शिपाई जाणूला पत्ता नसायचा. चहा आपला आपण सांगायचा. आता पाड्याच्या तोंडाशी पोचते तोवर लोक दारात उभे असतात. कोंबड्या उडतात. लखमा गवंड्याच्या शेळ्या दावं तोडून माळावर जातात, म्हणजे त्यांचा व्यायाम होतो. रविनाचं तान्हं बाळ वेळेवर उठतं. म्हाताऱ्या धाऊबाबांनी तर आज मला बघून दोन्ही कानांना हात लावले. जुन्या पिढीत ही श्रद्धा अजून आहे.

टेबलावर चहा तयार होता.

२ ऑक्टोबर

ग्रामसभा. कोरम पूर्ण! माझ्या इतक्या वर्षांच्या जनजागृतीला फळ आलं. बसायला सतरंज्या कमी पडल्या.

पाणीपुरवठ्याच्या विषयावर कोणी बोललं नाही. सगळे 'ऐन वेळचे विषय' येण्याची वाट बघत होते. शेवटी रविना उठली. पाड्यातून एक गाडी जाम आवाज करत जाते, म्हणाली, "बाळ दचकून उठतं. सकाळी एकदा, सांजच्याला एकदा. ऑफिसच्या टायमाला."

लखमा म्हणाला, शेळ्या दूध देईनात.

मी विचारलं, कोणाची गाडी? सगळे माझ्याकडे बघत राहिले. साहजिक आहे, अशा वेळी लोकांना अधिकाऱ्याचा आधार वाटतो. बाईजाताई हळूच म्हणाल्या, "नाव कशाला घ्यायचं मॅडम. आपलंच माणूस हाय. मनाने वाईट नाय."

माझ्या मते वीटभट्टीचा ट्रॅक्टर. मी स्पष्ट सांगितलं की माणूस आपला असो की परका, भीड ठेवायची नाही, पाड्याच्या दोन्ही टोकांना गतिरोधक घालू. ठराव मीच मांडायला सांगितला, मीच शब्द सुचवले, मीच लिहिला. टाळ्या थांबेनात. जाणू टाळ्या वाजवता वाजवता बाहेर निघून गेला. हळवा आहे.

घरी येऊन विनोदला सांगितलं. तो म्हणाला, "ठरावावर सही केलीस?" म्हटलं, अर्थात.

१२ ऑक्टोबर

सुट्टी. विनोदला त्याच्या कंपनीतल्या मित्राकडे मुरबाडला नेलं. वाटेत गतिरोधक आला की तो उतरायचा, गाडी हलकी व्हायची, मी तिरपी घ्यायचे, पुढे जाऊन थांबायचे, तो चालत यायचा. एकदा तो येईपर्यंत माझा वडापाव खाऊन झाला. चालणं त्याच्या तब्येतीला चांगलं आहे. परतताना मात्र तो एसटीने आला आणि माझ्या आधी पोचला.

नितीनला कळवलं, गाडी उत्तम. कुटुंबासाठीसुद्धा.

६ नोव्हेंबर

सायलेन्सर आटगाव फाट्याजवळ लोंबायला लागला. ओढणीने बांधला. ओढणीचा वास येऊ लागला, मग तारेने बांधला. हेसुद्धा मॉडिफिकेशनच.

आवाज आता जरा मोकळा झालाय.

१२ नोव्हेंबर

आज गतिरोधक! भातकापणी आटोपल्यामुळे अख्खा पाडा श्रमदानाला. गटाराच्या कामाला वारंवार दवंडी देऊन एक माणूस आला नव्हता. आज म्हातारी बुधीसुद्धा कमरेला पदर खोचून घमेली उचलत होती.

गाडी पाड्याच्या मध्यावर, ग्रामपंचायतीच्या दारात उभी होती; काम सुरू करण्याआधी लखमा माझ्याजवळ आला. म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी आधी भायेर काढून घ्या." मी म्हटलं, "लखमाभाऊ, नियम पाळणाऱ्याला गतिरोधकाची भीती कशाला?" त्याने बाईजाताईंकडे बघितलं. बाईजाताईंनी आभाळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मॅडम बोलल्या ना. घाल रे."

उंची मला कमी वाटली. अजून घाला म्हटलं, ट्रॅक्टरवाल्याला कळलं पाहिजे. लखमा म्हणाला, "बास मॅडम, तुमच्या पाया पडतो." मी सोडलं नाही. दोन्ही टोकांना जातीने उभी राहिले. नजर लागेल असं काम झालं.

काँक्रीट ओलं असल्यामुळे संध्याकाळी प्रवाशांच्या जीपने परत. गतिरोधकाच्या पलीकडे जीप मिळते हे मला माहीतच नव्हतं. काँक्रीट वाळेपर्यंतचे दिवस चुकले असं धरता येणार नाही. शासकीय कामामुळे आलेला खंड.

१७ नोव्हेंबर

काँक्रीट वाळलं. गाडी काढायला गेले.

पुढची चाकं चढली. मग गाडी पोटावर टेकली आणि तराजूसारखी डुलायला लागली. मी पुढे वाकले की नाक खाली, मागे रेलले की पंख खाली. जाणू म्हणाला, "मॅडम, हलू नका, फोटो काढतो." सगळ्यांनी मिळून मागे ओढली. दुसऱ्या टोकाला तेच, फक्त तिथे माणसं जास्त जमली होती.

हे चाललेलं असताना वीटभट्टीचा ट्रॅक्टर आला. वेगही कमी न करता डुलत डुलत दोन्ही गतिरोधकांवरून गेला. ड्रायव्हरने हात केला. त्याचा आवाज तसा काही फार नव्हता.

रविनाचं बाळ तिच्या कडेवर झोपलं होतं. उठलं नाही.

यावर विचार करायचा आहे. आज नको.

१९ नोव्हेंबर

नितीनला काहीच सांगितलेलं नाही. रोज जीपने येते, दुपारच्या सुट्टीत गाडी सुरू करते आणि एका गतिरोधकापासून दुसऱ्यापर्यंत नेते. म्हणजे गाडी रोजच्या वापरात आहेच.

आज बायकांनी डांबरावर नाचणीची कणसं पसरली होती. दर वर्षी पसरतात, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. म्हातारी बुधी ओरडली, "ये गो पमे, फिरव तुजी गाडी! तुजे टायर चांगले रुंद हायत!"

पमे! नोकरीला लागल्यापासून या गावात मला कोणी नावाने हाक मारली नव्हती. दुपारच्या सुट्टीत गेले, आले, गेले, आले. बायका सूप घेऊन कडेला उभ्या, मी वळले की "अजून एक, अजून एक." रविना बाळाला घेऊन शेजारच्या सीटवर बसली. आवाजाला ते दचकेल म्हणून मी हळू चालवत होते. ते तर स्टिअरिंगकडे झेपावत होतं. मला वाटतं, बाहेरून ऐकण्यात आणि आत बसून ऐकण्यात फरक असावा.

ही गाडी मला हवी आहे. हे आधी इतकं कळलं नव्हतं.

मग गाडीच्या पोटाखालून धूर आला. कणसांच्या देठांचं काड आत गुंडाळलं होतं. बायकांनी हंडे ओतले. गाडी परत सुरू झाली. पंखावर थोडी नाचणी राहिली होती, ती बुधीने फडक्याने पुसून सुपात घेतली.

२० नोव्हेंबर

विनोदने नितीनला सांगितलं. नवरे.

नितीनचा फोन. "ताई, घरून ऑफिसला कशाने जातेस?" म्हटलं, ऑफिसला पोचल्यावर रोज गाडी चालवते. "घरून कशाने जातेस?" जीपने. मग म्हणाला, रविवारी गाडी उचलणारा ट्रक घेऊन येतो. नाशिकवाला थांबलाय. मी गयावया केली. तेव्हा म्हणाला, "बरं. रविवारी सकाळी गाडी तुझ्या दारात दिसली तर मी रिकामा परत जाईन. नाहीतर नेली."

बाईजाताईंना जाऊन विचारलं, ठरावातली गाडी माझीच होती ना? त्या पदराने तोंड दाबून हसल्या. "मॅडम, आमाला वाटलं तुमाला ठाव हाय. एवढ्या जोरात बोलत होत्या, आमी बोललो, काय ही बाई! स्वतःवर ठराव घेते!" गावात माझा मान त्या दिवसापासून वाढलाय म्हणे.

गतिरोधक थोडा फोडता येईल का, विचारलं. हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ पोर निवांत झोपतंय, शेळ्या दूध देतायत. अर्ज द्या.

२१ नोव्हेंबर

अर्ज लिहिला. ग्रामसभेचा ठराव मोडायचा तर ग्रामसभाच लागते, पुढची सव्वीस जानेवारीला. हे नियम मीच त्यांना शिकवले. शिवाय अर्जावर पहिला शेरा माझाच लागतो. बाईजाताई नाही म्हणणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. तरी दिला; इथे नक्कल उतरवून ठेवते.

प्रति, मा. सरपंच.
अर्जदार : श्रीमती प्रमिला, लाल गाडीवाली.
पाड्याच्या शहापूरकडील गतिरोधकाचा गाडीच्या रुंदीइतका भाग रविवारच्या आत फोडून मिळावा. अर्जदार तो सोमवारी स्वतः भरून देईल, उंची कमी करणार नाही. यापुढे अर्जदार पाड्याच्या हद्दीत इंजिन बंद ठेवेल आणि गाडी ढकलत नेईल. गाडी जड असल्यामुळे ढकलायला रोज सकाळ-संध्याकाळ दोन माणसं द्यावीत, त्यांतला एक लखमा असावा, ही नम्र विनंती.