बेगमला शेरू चालत नाही

९ नोव्हेंबर, रविवार
आणली. करडी, दोनेक वर्षांची, डाव्या कानाला खाच. फरीदाबाजी त्यांच्या अंगणात सोडून दिलेली मांजरं सांभाळतात, तिथून. हिला दोन घरांनी परत केलंय. एकात आधीची मांजर होती, दुसऱ्यात ससे. दोन्हीकडे हिने रक्त काढलं.
बाजी म्हणाल्या, "बहन, ये अकेली रहेगी. दूसरा जानवर नहीं चलता इसको. आपके यहाँ कोई है?"
"कोई नहीं," मी म्हणाले.
खोटं नाही. शनवाऱ्यातल्या या दोन खोल्यांत मी एकटीच. पण संक्रांतीनंतर चौधरींशी रजिस्टर लग्न करून बुधवाऱ्यात त्यांच्या घरी जायचंय आणि तिथे शेरू नावाचा कुत्रा आहे, हे सांगितलं नाही. जमून जाईल असं वाटलं.
नाव बाजींनीच ठेवलेलं. बेगम.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चार दिवस कपाटामागे. दूध नको, पोळी नको, फक्त उकडलेली अंडी. हात घातला तर ओरबाडलं.
लॅबमध्ये रक्त काढताना एक पेशंट बाई म्हणाल्या, "दीदी, आपका हाथ किसने नोचा?" म्हटलं, घरवाली ने.

१६ नोव्हेंबर, रविवार
मुलीचा, मधुराचा, इंदूरहून फोन. चौधरींचं, म्हणजे चौ.चं, तिने दिवाळीत कसंबसं मान्य केलं. आता, "आई, एक्कावन्नाव्या वर्षी लग्न, वर मांजर? एका वेळी एक काहीतरी कर ना."
का? दोन्ही करीन.
चौ.ना सांगितलं तर हसले. "शेरूले काय व्हते? म्हातारा झाला तो. एका डोयाने दिसत बी नाही त्याले." केळीच्या बागेतला माणूस, कशाचीच घाई नाही. दर तीन महिन्यांनी शुगर तपासायला यायचे, तशी ओळख. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं, माझे मिस्टर जाऊन बारा.
संध्याकाळी बेगम आपणहून मांडीवर आली. मी पाय हलवला नाही. भाजी करपली.

२३ नोव्हेंबर, रविवार
चौ. शेरूला घेऊन आले. बिचारा दारातच बसला, शेपटी हलवत. बेगम कपाटावरून सरळ त्याच्या तोंडावर. नाक फाटलं. तो भुंकलासुद्धा नाही, चौ.च्या पायामागे जाऊन थरथरत उभा राहिला. मी हळद दाबली. चौ.चा चेहरा पाहवेना.
आता बेगम माझ्या अंथरुणावर मुतून कपाटावर बसलीय. मलाही जवळ येऊ देत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
तीन दिवस अन्न नाही. शेरूच्या वासाचं फडकं खोलीत ठेवून बघा, हळूहळू सवय होईल, असं कोणीतरी सांगितलं म्हणून ठेवलं होतं. फडकं फेकलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. म्हणाले, काही मांजरी अशाच असतात, जबरदस्ती करू नका.
बाजींकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. रागावल्या नाहीत. त्याचंच जास्त लागलं.
"ले आओ वापस. मगर तीसरी बार के बाद किसी को नहीं दूँगी. बाकी बिल्लियाँ हैं मेरे पास, इसको पिंजरे में ही रखना पड़ेगा. हमेशा."
नाही आणणार, मी म्हणाले.

३० नोव्हेंबर, रविवार
खाल्लं. अर्धं अंडं.
चौ.ची थोरली बहीण रावेरहून आली. सगळे तिला आक्का म्हणतात. मांजरीचं सगळं चौ.कडून कळलेलं. चहा खाली ठेवण्याआधीच, "मांजरीपायी कोनी लगन अडवते का? दे वापस करून. संसार म्हटला का जरा जमवूनच घ्या लागते बाईले."
बावीस वर्षं जमवून घेतलं, आक्का. सासूबाईंच्या वेळा, दिरांचे डबे, मिस्टरांचा रेडिओ. पडदा कोणत्या रंगाचा, हेसुद्धा कोणी विचारलं नाही. मिस्टर चांगले होते, मारझोड नव्हती, म्हणून तक्रारही करता येत नव्हती.
तिला मी एवढंच म्हणाले, "मांजर परत जाणार नाही."
"आन् लगन?"
"ते पण होणार."

३ डिसेंबर, बुधवार
खरं लिहिते. मलाही त्या घरात जायचं नाही.
चौ. हवेत. त्यांचं घर नको. मधुराला फोनवर सांगितलं तर म्हणते, "आई, तू मांजरीचं नाव पुढे करून स्वतःचं बोलतेयस." असेल. पण मांजर आठवडाभर उपाशी होती, ते काही मी मनानं रचलेलं नाही.
संध्याकाळी चौ.ना बोलावून सांगितलं. लग्न करू. तुम्ही शेरूबरोबर बुधवाऱ्यात, मी बेगमबरोबर इथे. पायी बारा मिनिटं.
उठून दारातली चप्पल पायात घातली. मग, "लोक काय म्हनतीन?"
"म्हणू द्या."
"आन् मी काय म्हनू सोताले?"
चहा न घेता गेले.

८ डिसेंबर, सोमवार
फोन नाही. मीही केला नाही. करणार नाही.
दोनदा हातात घेतला होता.

११ डिसेंबर, गुरुवार
सकाळी साडेआठला चौ. लॅबमध्ये, उपाशीपोटी, रांगेत सातवे! तीन महिने व्हायला अजून महिना आहे. रक्त काढणाऱ्या दुसऱ्या मुलीच्या टेबलासमोर जागा रिकामी होती तरी थांबून माझ्यासमोर येऊन बसले. बाही वर केली.
मी दंडाला रबर बांधत होते तर म्हणतात, "रोज भेटाचं का मंग?"
"हो."
"जेवन कुठी?"
"सकाळी आपापल्या घरी. संध्याकाळी मी येईन, नाहीतर तुम्ही या."
"आन् मी आजारी पडलो त?"
"येऊन राहीन. बरे झालात की परत."
"आन् झोपाचं?"
मागची अख्खी रांग कान लावून. एक म्हातारे तर पुढे वाकले. "मूठ आवळा," मी म्हणाले. चौ.नी आवळली. हसत होते. शीर पहिल्याच टोचणीत सापडली.
शुगर वाढलीय. आठवडाभर काय खाल्लं विचारलं तर म्हणे, शेव-परमल. नुसते मुरमुरे!

१४ डिसेंबर, रविवार
आक्का लग्नाला येणार नाही म्हणून निरोप आला. "असं लगन आमच्यात नाई व्हत." नको येऊ. मधुरा येणार, पण सासरी काय सांगायचं ते तिला अजून ठरवता येत नाहीये. खरं सांग म्हटलं.
संध्याकाळी चौ. आले. एकटे. आधी मोरीत हातपाय धुतले, पिशवीतून धुतलेला शर्ट काढून घातला. शेरूचा वास नको म्हणून. मी काही सांगितलं नव्हतं. बेगम कपाटावरून बघत राहिली. खाली आली नाही, फिस्कारलीही नाही.
वांग्याचं भरीत केलं होतं. जेवले. उद्या कलेक्टर कचेरीत जाऊन लग्नाच्या नोटिशीवर सह्या करायच्या, कागद एकत्र लावून ठेवले. निघताना दारात थांबले.
"शेरू बारा वर्साचा व्हतो आता. किती दिवस काढीन? तो गेल्यावर त येशीन ना तू?"
मी कडी धरून उभी. शेजारच्या बाई जिन्यातून वर येत होत्या, त्यामुळे उत्तर राहून गेलं, असं चौ.ना वाटलं असेल. तसं नाही. त्यांच्या अंगावर तो धुतलेला शर्ट होता, म्हणून 'नाही' म्हणवेना.
उत्तर आहे माझ्याकडे. नाही येणार. कुत्रा असो नसो.
उद्या अकरा वाजता. सही करण्याआधी सांगायचं, नंतर नाही. मग पेन त्यांच्या हातात देईन.